जुन्या गेमच्या कॅसेटी जमवायच्या? आधी खोका विसरा

जुलै २०२१ मध्ये अमेरिकेतल्या एका लिलावात ‘सुपर मारिओ ६४’ची सीलबंद प्रत १५ लाख ६० हजार डॉलरला गेली. हा गेम काही दुर्मीळ नाही. त्याच्या एक कोटीहून जास्त प्रती खपल्या होत्या आणि खोक्याविना सुटी कॅसेट आजही काही हजार रुपयांत मिळते. लिलावात बोली लागली ती न फाटलेल्या प्लास्टिकवर. अशी बातमी वाचून नवखा माणूस दोनपैकी एक काहीतरी करतो: आपल्याला परवडणारच नाही म्हणून नाद सोडतो, नाहीतर माळ्यावरच्या जुन्या व्हिडिओ गेमचे लाखभर येतील या आशेनं ओएलएक्सवर जाहिरात टाकतो. दोन्ही करू नका.

भाव चढतायत हे मात्र खरं. नव्वदच्या दशकात ज्या पोरांचे हट्ट पुरवले गेले नाहीत ती आता चाळिशीत आहेत, आणि पैसे कुणाकडे मागायची गरज त्यांना उरलेली नाही. २०२०च्या टाळेबंदीत घरी बसलेल्या जगानं एकदमच खरेदी केली. तेव्हाची उसळी पुढे थोडी ओसरली, पण भाव काही पूर्वीच्या जागी परत गेले नाहीत. त्यात कंपन्या आपली जुनी डिजिटल दुकानं बंद करतात. जपानच्या निन्टेन्डोनं ‘थ्रीडीएस’ आणि ‘वी यू’ या आपल्या यंत्रांवरची खरेदी मार्च २०२३ मध्ये थांबवली. असं काही झालं की लोक पुन्हा हातात धरता येणाऱ्या वस्तूकडे वळतात. आणि जुन्या गेमची अस्सल कॅसेट आता नव्यानं कुणी बनवत नाही. आहेत त्यातल्याच दरवर्षी काही खराब होतात, काही हरवतात.

पण सगळंच सारखं महागलेलं नाही. जपानमध्ये १९९४ साली निन्टेन्डोच्या सुपर फॅमिकॉम या यंत्रावर ‘मदर २’ आला. तोच गेम १९९५ मध्ये ‘अर्थबाउंड’ या नावानं अमेरिकेत गेला, तिथे फार खपला नाही, म्हणून आता त्याची सुटी अमेरिकन कॅसेटसुद्धा शेकडो डॉलरला जाते. जपानी ‘मदर २’ त्याच्या लहानशा हिश्श्यात मिळतो. आतला खेळ एकच. या लेखातला सगळा सल्ला याच फरकावर उभा आहे. चढलेत ते मुख्यतः इंग्रजीचे, खोक्याचे आणि सीलचे भाव. या तिघांचा मोह सोडलात तर साध्या पगारातही हा छंद अजून जमतो.

आधी यंत्र ठरवा, कॅसेट नंतर

नवखे लोक उलटं करतात. समोर दिसलेली कॅसेट घेतात, मग ती लावायला यंत्र शोधत फिरतात. आणि एकाच वेळी सेगा, निन्टेन्डो, अटारी असं सगळं सुरू केलं तर वर्षभरात कपाट भरतं, संग्रह काही होत नाही. पहिली दोन वर्षं एकच यंत्र, हे मी आग्रहानं सांगतो.

भारतात राहणाऱ्या माणसासाठी माझं उत्तर सरळ आहे: २००३ साली आलेला, हातात धरून खेळायचा निन्टेन्डोचा ‘गेम बॉय अॅडव्हान्स एसपी’. त्याला टीव्ही लागत नाही, त्यात चार्ज होणारी बॅटरी असते, आणि तो १९८९ पासूनच्या मूळ गेम बॉयच्या, मग गेम बॉय कलरच्या आणि अॅडव्हान्सच्या, अशा तीन पिढ्यांच्या कॅसेटी चालवतो. शिवाय या कॅसेटींना देशाचं कुलूप नाही. जपानी, अमेरिकन, युरोपियन, कुठलीही लावा. एसपीचे दोन प्रकार आहेत. पाठीमागच्या स्टिकरवर एजीएस-००१ असेल तर उजेड पुढून पडतो आणि चित्र फिकट दिसतं. एजीएस-१०१ असेल तर उजेड मागून येतो आणि चित्र खुलतं, म्हणून तो महाग. स्टिकर बदलता येतं, त्यामुळे त्यावर विसंबू नका. उजेडाचं बटण दाबून बघा: ००१ मध्ये दिवा पूर्ण विझतो, १०१ मध्ये फक्त कमी-जास्त होतो. बाजारात नवी बॉडी चढवलेले बरेच एसपी असतात. खेळायला ते चांगले, फक्त मूळ बॉडीचे पैसे त्यांना देऊ नका.

दुसरा पर्याय टीव्हीला जोडायचा फॅमिकॉम, आणि त्याचं नातं आपल्या लहानपणाशी आहे. निन्टेन्डोनं तो १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये आणला. त्याच्या कॅसेटीला ६० पिना असतात. आपल्याकडे नव्वदीत घरोघरी आलेले ‘मीडिया’, ‘लिटल मास्टर’ हे फॅमिकॉमचेच अवतार होते, आणि त्यांनाही ६० पिनांचीच कॅसेट लागायची. त्यामुळे तुमचं ते जुनं यंत्र अजून सुरू होत असेल तर अस्सल जपानी कॅसेट बहुधा त्यात चालेल. त्याच्यासोबत आलेल्या ‘६४ इन १’ किंवा ‘९९९९९९९ इन १’ या कॅसेटी मात्र परवान्याशिवाय काढलेल्या होत्या. आठवण म्हणून जरूर जपा, पण ‘रेअर, व्हिंटेज’ लिहून कुणी चार आकडी किंमत मागत असेल तर पुढे चला. माझ्या मते दोन-चारशेच्या वर त्यांना देऊ नये.

अस्सल कॅसेटी आपल्याकडे इतक्या कमी का, याचं उत्तर आयात शुल्कात आहे. १९९५ मध्ये सेगानं ८० टक्के शुल्क चुकवायला भारतात शॉ वॉलेसशी करार केला, तरी त्यांच्या मेगा ड्राइव्ह या यंत्राची किंमत १८,००० रुपये पडत होती. त्या काळात कितीतरी लोकांचा पाच-सहा महिन्यांचा पगार तेवढा नव्हता.

खुद्द जपानी फॅमिकॉम मागवणार असाल तर विजेकडे लक्ष द्या. त्याचा मूळ अडॅप्टर १०० व्होल्टचा आहे, आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये घातला तर संपला. वेगळा अडॅप्टर घेताना १० व्होल्ट डीसी आणि मधली पिन ऋण, हे दोन्ही जुळायला हवं. आपल्याकडचे बहुतेक अडॅप्टर मधली पिन धन असलेले असतात. पहिल्या मॉडेलमधून फक्त अँटेनाचा सिग्नल निघतो आणि तोही जपानी चॅनेलवर, म्हणून १९९३ चं एव्ही मॉडेल घ्या किंवा एव्हीचं काम करून घेतलेलं.

दुबई-मस्कतहून काकांनी आणलेला मेगा ड्राइव्ह घरात असेल तर तो बहुधा पाल या टीव्ही-सिग्नलच्या पद्धतीचा आहे. त्यावर बरेच गेम ५० हर्ट्झने, म्हणजे मूळ वेगापेक्षा सुमारे एक-षष्ठांश हळू चालतात. लहानपणी आपण तेच खरं धरून चाललो होतो, म्हणून खटकणार नाही कदाचित. अमेरिकेत असाल तर सुपर निन्टेन्डो, म्हणजे सुपर फॅमिकॉमचंच तिथलं रूप, घ्या. त्याच्या खाचेतल्या प्लास्टिकच्या दोन दांड्या काढल्या की जपानी सुपर फॅमिकॉमच्या कॅसेटी त्यात बसतात आणि चालतात.

सुरुवातीला ज्यांच्या वाटेला जाऊ नये अशी दोन यंत्रं: फॅमिकॉमची डिस्क सिस्टीम, जिचा रबरी पट्टा विरघळून चिकट होतो, आणि सेगाचा गेम गिअर, ज्याचे कपॅसिटर जवळजवळ हमखास गळतात.

जपानी येत नाही, मग खेळणार काय?

जिथे वाचावं लागत नाही ते. मारिओ, कर्बी, बॉम्बरमॅन, टेट्रिस, रॉकमॅन (म्हणजे आपला मेगा मॅन), शर्यती आणि गोळीबाराचे झाडून सगळे गेम. ‘काँट्रा’ची १९८८ची फॅमिकॉम आवृत्ती तर अमेरिकन आवृत्तीपेक्षा सरस आहे, तिच्यात मधली चित्रदृश्यं आहेत आणि बर्फाच्या टप्प्यात खरोखर बर्फ पडतो. ‘सुपर मेट्रॉइड’ची जपानी कॅसेट लावली की मजकूर इंग्रजीतच येतो, जपानी ओळी हव्या असतील तर चालू करायच्या. ‘एफ-झीरो’लाही भाषा लागत नाही. ज्यांत गावातल्या प्रत्येक माणसाशी बोलत हिंडायचं असतं, ते गेम मात्र जपानीत घेऊन शोभेलाच उरतात. ‘मदर २’ स्वस्त आहे म्हणून घ्यायचा, तर हे माहीत असू द्या.

जपानी म्हणजे सगळं स्वस्त, असंही नाही. सनसॉफ्टचा १९९२चा ‘गिमिक!’ किंवा त्याच वर्षीचा ‘समर कार्निव्हल ९२: रेक्का’ जपानमध्येही चांगलेच महाग आहेत. फॅमिकॉमच्या अखेरच्या काळात, सगळे सुपर फॅमिकॉमकडे वळलेले असताना आलेले गेम थोडेच खपले, म्हणून ते महाग. वर्ष बघायची सवय लागली की महाग काय असणार याचा अंदाज नाव न ओळखताही येतो.

भाव बघायची रीत

विक्रेता मागतो तो भाव नव्हे. ईबेवर ‘सोल्ड’ हा पर्याय निवडून प्रत्यक्ष विकलेल्या वस्तू बघा, आणि त्यातही शेवटच्या आठ-दहा. प्राइसचार्टिंग या संकेतस्थळावर प्रत्येक गेमचे सुटी कॅसेट, खोक्या-पुस्तिकेसह आणि सीलबंद असे वेगवेगळे भाव आलेखासह मिळतात. सुटी आणि खोक्यासह यांतला फरक एकदा डोळ्यांनी बघा, म्हणजे पुठ्ठ्याच्या चौकोनाला लोक किती देतात ते कळेल. गेम बॉयचे पुठ्ठ्याचे खोके मुलांनी पहिल्याच दिवशी फाडून फेकले, म्हणून ते कॅसेटीहून दुर्मीळ. खेळणाऱ्याला त्याचं काय?

ग्रेडिंगच्या नादी लागू नका. पारदर्शक पेटीत बंद करून आकडा दिलेली कॅसेट लावता येत नाही, उघडून तपासता येत नाही आणि पेटीचे वेगळे पैसे पडतात. ज्याला गुंतवणूक करायची आहे त्यानं म्युच्युअल फंडाकडे जावं, हे मी चेष्टेनं म्हणत नाही.

प्रत्येक गेमसाठी तुमची कमाल रक्कम लिहून ठेवा, पाठवणी आणि शुल्क धरून. जो गेम त्या रकमेत बसत नाही तो खेळायचे दुसरे मार्ग आहेत. ‘अर्थबाउंड’ फेब्रुवारी २०२२ पासून निन्टेन्डो स्विच ऑनलाइनवर आहे. स्वतःच्या कॅसेटीतला गेम काढून घ्यायचा तर यूएसबीला जोडायचे वाचक यंत्र मिळते. एव्हरड्राइव्हसारखी मेमरी कार्ड घालायची कॅसेटही असते. इंटरनेटवरून गेमच्या फायली उतरवणं हा कॉपीराइटचा भंग आहे, हे ठाऊक ठेवून काय ते ठरवा. पण नकली कॅसेटीला पैसे देण्यात काहीच हशील नाही.

कुठे शोधायचं

खरा साठा जपानात आहे. टोकियोच्या अकिहाबारातलं सुपर पोटॅटो हे दुकान प्रसिद्ध आहे आणि म्हणूनच महाग. पर्यटकांची गर्दी आणि घसरलेला येन यांमुळे तिथली फळी लवकर रिकामी होते. कुणी ओळखीचं जपानला निघालं असेल तर त्यांना उपनगरातलं हार्ड ऑफ किंवा बुक ऑफ हे जुन्या वस्तूंचं दुकान सांगा. हार्ड ऑफमध्ये ‘जंक’ लिहिलेल्या टोपल्या असतात, त्यात सुट्या कॅसेटी अगदी कमी किमतीत पडलेल्या असतात. जंक म्हणजे बिघडलेलीच असं नाही. दुकानानं तपासलेली नाही आणि परत घेणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. त्यातल्या बऱ्याच नुसत्या पुसल्या की चालतात.

घरबसल्या घ्यायचं तर याहू ऑक्शन्स आणि मर्कारी या जपानी बाजारांतून बायी किंवा झेनमार्केटसारख्या मध्यस्थांमार्फत. ते तुमच्या वतीनं विकत घेतात, गोदामात साठवतात आणि एकत्र पाठवतात. एकेक कॅसेट मागवली तर पाठवणीचाच खर्च कॅसेटीच्या कितीतरी पट होतो, म्हणून पंधरा-वीस जमल्या की एकच पार्सल करा. गोदामात फुकट किती दिवस ठेवतात ते आधी वाचा. वर्णनात ‘दोसा काकुनिन झुमि’ असेल तर चालवून पाहिलेली, ‘मिकाकुनिन’ म्हणजे न तपासलेली, ‘सोफुतो नोमी’ म्हणजे फक्त कॅसेट. वीस-तीस कॅसेटींचा एकगठ्ठा लॉट सगळ्यांत फायद्याचा. हव्या त्या ठेवायच्या, दुबार आलेल्या इथल्या खेळगड्यांना विकायच्या.

पार्सल भारतात आलं की सीमा शुल्क आणि जीएसटी लागणार, हे गृहीत धरूनच बोली लावा. दर बदलत असतात, त्यामुळे मागवण्याआधी त्या वेळचा दर बघा. ‘गिफ्ट’ लिहून पाठवा असं विक्रेत्याला सांगू नका. शुल्क त्यानं टळत नाही, उलट पार्सल अडकलं तर खरी किंमत सिद्ध करता करता नाकीनऊ येतात आणि विम्याचा दावाही बुडतो. परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाच्या बॅगेत चार-पाच कॅसेटी हा जुना मार्ग अजूनही सर्वांत सोपा.

अमेरिकेतल्या मंडळींना शनिवारी सकाळची गॅरेज सेल आणि फ्ली मार्केट आहेतच. तिथे लवकर जाण्याला पर्याय नाही. विकणाऱ्याच्या हातात फोन असेल आणि तो ईबे बघून किंमत सांगत असेल, तर तो बहुधा सीलबंद प्रतीचा भाव बघतोय. नम्रपणे विकलेल्या सुट्या कॅसेटींचे भाव दाखवा.

आपल्याकडे मुंबईचा चोर बाजार, विशेषतः शुक्रवारी पहाटे भरणारा, आणि पुण्यातला बुधवार-रविवारचा जुना बाजार. खरं सांगायचं तर अस्सल कॅसेट तिथे क्वचित हाती लागते, ‘इन १’वाल्याच जास्त. पण जुनी यंत्रं, रिमोट, अडॅप्टर मिळतात. लॅमिंग्टन रोड आणि पुण्याची तपकीर गल्ली कॅसेटींसाठी नव्हे, तर पुढे लागणाऱ्या सेल, स्क्रू-ड्रायव्हर आणि सोल्डरच्या सामानासाठी लक्षात ठेवा. आणि सोसायटीच्या व्हॉट्सअॅप गटावर एकदा विचारून बघा. माळे रिकामे करणारी माणसं प्रत्येक इमारतीत असतात.

अस्सल की नकली

इथे घाई करू नका, कारण पैसे बुडतात ते इथेच. नकली माल सगळ्यांत जास्त आहे तो गेम बॉय आणि अॅडव्हान्सच्या पोकेमॉनमध्ये. आपल्याकडे ऑनलाइन ‘नवीन’ म्हणून हजाराच्या आत मिळणारा पोकेमॉन एमराल्ड नकली असतो, त्यात शंका घ्यायलाही जागा नाही. अमेरिकेत २००५ साली आलेला गेम कोरा करकरीत आणि स्वस्त कुठून येणार?

बाहेरून तीन गोष्टी बघा. पहिली लेबल. अस्सल लेबलवर एक बारीक आकडा शाईनं नव्हे, दाबून उमटवलेला असतो. कॅसेट उजेडात तिरकी धरली की दिसतो. नकलीत बहुतेक वेळा तो नसतो, आणि छपाई किंचित धूसर किंवा फार चकचकीत असते. दुसरी, कॅसेटीचा रंग. पोकेमॉन रेड लाल, ब्लू निळी, एमराल्ड पारदर्शक हिरवी. करडा पोकेमॉन रेड अमेरिकन म्हणून विकत असतील तर नको. तिसरी, खालच्या पिनांच्या फटीतून आत डोकावा. अॅडव्हान्सच्या अस्सल कॅसेटीत पिनांच्या अगदी वर, सर्किटवर बारीक अक्षरांत निन्टेन्डोचं नाव छापलेलं दिसतं.

सेलवरूनही कळतं. पोकेमॉन रुबी, सफायर आणि एमराल्डमध्ये घड्याळासाठी सेल असतो आणि बॉडी पारदर्शक असल्यानं तो न उघडता दिसायला हवा. फायररेड आणि लीफग्रीनमध्ये मुळातच सेल नाही, तेव्हा तिथे तो न दिसणं हे नकलीपणाचं लक्षण नव्हे. हे न कळून कित्येकांनी अस्सल कॅसेट परत केलेली आहे.

पण शेवटचा निकाल उघडल्यावरच. गेम बॉयच्या आणि सुपर निन्टेन्डोच्या कॅसेटींना ३.८ मिलिमीटरचा गेमबिट हा खास स्क्रू-ड्रायव्हर लागतो, अॅडव्हान्सच्या कॅसेटींना तीन पाकळ्यांचा ट्राय-विंग. दोन्ही ऑनलाइन शे-दोनशेत मिळतात, आणि पहिल्या कॅसेटीआधी ते घ्या. साध्या चौफुलीच्या स्क्रूनं बंद केलेली अॅडव्हान्सची कॅसेट एकतर नकली, नाहीतर कुणीतरी आधी उघडलेली. आत अस्सल बोर्डवर निन्टेन्डोचं नाव, नीट सोल्डर केलेली चौकोनी चिप आणि तिच्यावर गेमचा संकेतांक असतो, उदाहरणार्थ अमेरिकन एमराल्डचा ‘एजीबी-बीपीईई’. चिपच्या जागी नुसता काळा गोल ठिपका दिसला तर संशय घ्या. मात्र काही जुन्या अस्सल कॅसेटींतही तसे ठिपके होते, म्हणून केवळ तेवढ्यावरून निकाल देऊ नका. शंका असेल तर त्याच गेमच्या अस्सल बोर्डचे फोटो शोधून शेजारी ठेवा.

फॅमिकॉममध्ये उलटी गंमत आहे. तिथे नामको, कोनामी, सनसॉफ्ट, जॅलेको यांनी आपापल्या आकाराच्या बॉडी बनवल्या, इरेमच्या सुरुवातीच्या कॅसेटीत तर लाल दिवाही लागायचा. वेगळा आकार दिसला म्हणून बिचकू नका. स्वस्त गेमची नक्कल करण्यात कुणाला फायदा नसतो, तेव्हा तपासणी महागड्यांपुरती राखली तरी चालेल.

ऑनलाइन घेताना विक्रेत्याकडे समोरचा, मागचा आणि पिनांचा फोटो मागा. किंमत दोन हजारांच्या वर असेल तर उघडलेल्या बोर्डचाही. शेजारी त्या दिवसाची तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवायला सांगा. ‘उघडता येत नाही’ म्हणणाऱ्याला ‘बरं’ म्हणायचं आणि दुसरा विक्रेता बघायचा. ‘रिप्रो’, म्हणजे नव्यानं बनवलेली नक्कल, असं स्पष्ट लिहून कमी किमतीत विकणारे निदान खोटं बोलत नाहीत. पण ती कॅसेट पुढच्या हातात अस्सल म्हणूनच जाते, म्हणून मी ती संग्रहात घेत नाही.

कॅसेट हातात आल्यावर

लगेच यंत्रात घालू नका. आधी पिना पुसा. मोबाइल दुरुस्तीवाले ज्याला आयपीए म्हणतात ते ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि इअरबड, एवढंच लागतं. इअरबड ओला करून पिनांवर उभा फिरवा, काळा झाला की नवा घ्या, स्वच्छ निघेपर्यंत. मग दहा मिनिटं वाळू द्या. हँड सॅनिटायझर नको, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं. ब्रासो, पॉलिश पेपर, थिनर यांचं नावही काढू नका. खोडरबरानं पिना घासायची आपल्या कॉम्प्युटरवाल्यांची युक्ती चालते, पण पिनांवरचा सोन्याचा मुलामा अगदी पातळ असतो आणि रबर तो खरवडतो. अल्कोहोलनं भागलं नाही तरच, आणि हलक्या हातानं.

फुंकर मारणं बंद. पूर्वी फुंकर मारून कॅसेट चालायची ती फुंकरीमुळे नव्हे, काढून पुन्हा बसवल्यामुळे. थुंकीच्या ओलाव्यानं पिना मात्र गंजत गेल्या.

जपानी कॅसेटींच्या पाठीवर पुष्कळदा मार्करनं मुलाचं नाव लिहिलेलं असतं. प्लास्टिकवरचा मार्कर अल्कोहोलनं निघतो, लेबलवरचा काढायला गेलात तर लेबलच निघेल. मी नावं ठेवतो. नाव असलेली कॅसेट स्वस्तही मिळते.

पुसून झाल्यावर चालवा, आणि नुसतं सुरू होतंय एवढ्यावर थांबू नका. ज्यात खेळ साठवता येतो त्यात साठवा, यंत्र बंद करा, कॅसेट काढून रात्रभर ठेवा, सकाळी पुन्हा बघा. पुसलं गेलं असेल तर आतला सेल संपलाय. ही बिघाडाची गोष्ट नाही, वयाची आहे. पण घेताना घासाघीस करायला कारण चांगलं आहे.

सेल बदलणं

जुन्या कॅसेटींत खेळ साठवायला बहुधा तीन व्होल्टचा नाणं-सेल असतो. फॅमिकॉम आणि सुपर फॅमिकॉममध्ये सहसा सीआर २०३२, पोकेमॉन रेड-ब्लूमध्ये सीआर १६१६, गोल्ड-सिल्व्हरमध्ये सीआर २०२५. गोल्ड-सिल्व्हरमध्ये घड्याळही त्याच सेलवर सतत चालतं, म्हणून त्यांचे मूळ सेल आधी मेले. पोकेमॉन रुबी-सफायर-एमराल्डमध्ये सेल संपला तरी साठवलेला खेळ राहतो, फक्त घड्याळ थांबतं. तेव्हा तिथे घाई नाही.

बाकीच्यांत सेल काढला की साठवलेलं सगळं जातं. कुणाचा तरी पंचवीस वर्षांपूर्वीचा खेळ आत शाबूत असेल आणि तो जपावासा वाटला, तर आधी वाचक यंत्रानं त्याची प्रत काढून घ्या.

नवा सेल घेताना पत्र्याचे पाय जोडलेला घ्या. लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन ‘टॅब’ असलेला म्हणून मागा. साध्या सेलवर थेट सोल्डर लावू नका, तापला तर तो फुटू शकतो. चिकटपट्टीनं सेल दाबून बसवलेल्या कॅसेटीही बघायला मिळतात; जरा हलल्या की साठवलेलं गायब. बोर्डवर धन-ऋण खुणा असतात, जुना काढण्याआधी फोटो काढा. सोल्डर वितळवून जुने पाय सोडवा, ओढून काढू नका, कारण ओढलं तर बोर्डवरचा तांब्याचा पत्राच उखडतो. हातात सोल्डर कधी धरला नसेल तर आधी एखाद्या बंद पडलेल्या रेडिओवर सराव करा किंवा मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे जा. त्याच्यासाठी हे दहा मिनिटांचं काम आहे, फक्त पिनांना हात लावू नकोस म्हणून सांगून ठेवा.

पावसाळा आणि नोंदवही

कॅसेटीच्या आतली चिप आपल्यापेक्षा जास्त टिकेल. कोकणात आणि मुंबईत खरा शत्रू दमट हवा. जून ते सप्टेंबर लेबलवर बुरशी धरते आणि कागदी पुस्तिका कसर खाते. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, प्रत्येक कॅसेट वेगळ्या झिप पिशवीत आणि डब्यात सिलिका जेल, एवढं पुरतं. जेल रंग बदलणारं घ्या, म्हणजे ओलं झालेलं कळतं आणि तापवून पुन्हा वापरता येतं. डांबराच्या गोळ्या डब्यात टाकू नका. त्यांच्या वाफेनं काही प्रकारचं प्लास्टिक मऊ पडतं. खिडकीच्या उन्हात मांडलेल्या कॅसेटींचा रंग दोन वर्षांत उडतो, आणि सुपर फॅमिकॉमचं करडं यंत्र तर उन्हाशिवायही पिवळं पडतं. पिवळेपणा घालवायला लोक हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवतात. जमतं, पण डाग राहण्याचा धोका असतो आणि काही वर्षांनी पिवळेपणा परतूही शकतो. चालत्या यंत्रावर तो प्रयोग करू नये असं माझं मत.

नोंद पहिल्या कॅसेटीपासून ठेवा. गेमचं नाव, संकेतांक, कुणाकडून घेतली, पाठवणी-शुल्कासह एकूण किती पडली, बोर्डचा फोटो. फोनमधली साधी शीट चालते. दुबार खरेदी टळते, विकताना समोरच्याला बोर्डचा फोटो दाखवता येतो, आणि पुढच्या वेळी शुल्क किती धरायचं ते कळतं. सेल बदललात तर त्याची तारीख शीटमध्ये तर लिहाच, पण कॅसेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूलाही पेन्सिलनं लिहा, म्हणजे पंधरा वर्षांनी ती ज्याच्याकडे असेल त्याला उघडल्याबरोबर दिसेल.